तिरकमठ्याचा वाक

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा एक संस्कृत शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे आणि मंदिराच्या उभारणीची नोंद असा त्याचा मजकूर. वालधुनीच्या काठावरचा तो काळा पाषाण ज्यांनी कोरला त्यांनी छिन्नी कशी धरली, दगडावर दगड ठेवताना तोल कसा साधला, हे शिलालेख सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. लोकांनी ही उणीव आपल्या परीने भरून काढली आहे. हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे या भागात आजही सांगतात. ज्या कामाची कृती कोणी लिहून ठेवत नाही ते काम पुढे एक तर राजाच्या खात्यावर जमा होते, नाहीतर देवादिकांच्या.

तसे पाहता या परिसराला लेखनाची वाण नाही. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली बदलापूर या आपल्या गावाविषयी जे पुस्तक लिहिले ते मराठीतल्या ग्रामवर्णनांत आजही अग्रभागी आहे. कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांचा अभ्यास १९३४ साली, तर सह्याद्रीतल्या ठाकुरांवर ल. ना. चापेकरांचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित आणि १९४९ साली त्या छावणीचे झालेले उल्हासनगर, यांचीही कागदपत्रे विपुल आहेत. या सगळ्या लिखित प्रदेशाच्या कडेला मलंगगडाच्या आणि बारवीच्या बाजूला ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्या आहेत. तिथे पिढ्यान् पिढ्या एक वस्तू घडत होती, जिच्या घडणीतली सर्वांत अवघड पायरी लिहून ठेवावी असे कोणालाही वाटले नाही. ती वस्तू म्हणजे तिरकमठा. आणि ती पायरी म्हणजे त्याच्या दोन्ही बाहूंचा वाक सारखा करणे. प्रस्तुत लेख त्या एका पायरीविषयी आहे.

*

धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी आणि ताणलेली दोरी, अशी आपली शालेय समजूत असते. रामलीलेतल्या धनुष्यापुरती ती बरोबरही आहे. पण ज्यातून बाण खरोखर सुटायचा आहे ते धनुष्य प्रत्येक वेळी मोडण्याच्या काठावर जाऊन परत येत असते. दोरी ओढली की लाकडाची लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. हा ताण आणि दाब सगळ्या लांबीवर वाटला गेला तर लाकूड तो सहज सोसते. मात्र एखादी जागा इतरांहून अधिक वाकली की शेजाऱ्यांचा भार तिच्यावर येतो. मग पाठीचे तंतू उसवतात किंवा पोटावर बारीक सुरकुत्या उमटतात, आणि धनुष्य एका आवाजात संपते.

बाहूंचेही तसेच. दोन्ही बाहूंना एकच दोरी बांधलेली असते. एक बाहू ताठ आणि दुसरा लेचापेचा असेल तर ओढताना लेचापेचा बाहू अधिक मागे येतो. सोडल्यावर दोघे एकाच क्षणी जागेवर पोहोचत नाहीत. हातात झटका बसतो, बाण वर किंवा खाली भरकटतो, आणि दुबळा बाहू दिवसेंदिवस अधिकच दुबळा होत जातो. म्हणून कारागीर आधी खरखरीत आकार देतो, मग सैल लांब दोरी चढवून धनुष्य थोडेसेच ओढतो आणि पाहतो. कोणता बाहू ताठ? त्या बाहूत कोणती जागा ताठ? तिथे पोटाकडून चार-दोन वेळा खरवडतो, वीसतीस वेळा हलके ओढून लाकडाला नवा आकार अंगवळणी पाडतो, आणि पुन्हा पाहतो. ओढण्याचे अंतर बोटाबोटाने वाढवत नेतो. पाठीला सहसा हात लावायचा नाही. बांबू असेल तर त्याची साल हीच पाठ, आणि तिच्यातल्या दाट तंतूंवरच सगळा जीव असतो. इंग्रज कारागीर खाचा पाडलेल्या उभ्या दांड्यावर धनुष्य टेकवून ही परीक्षा करतात. त्या दांड्याला ते टिलर म्हणतात आणि त्यावरून या साऱ्या क्रियेलाच टिलरिंग हे नाव पडले आहे. आपण इथे ‘वाक जुळवणे’ म्हणू.

या कामात हात किती हलका असावा लागतो ते एका हिशेबाने कळते. पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी एक दशांशाने कमी केली तर ताठपणाही एक दशांशानेच कमी होतो. जाडी एक दशांशाने कमी केली तर मात्र तो सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. १५ मिलिमीटर जाडीच्या बाहूवरून एके ठिकाणी २ मिलिमीटर लाकूड जास्त निघाले, तर त्या जागेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताठपणा गेला असे समजावे. शिवाय हे काम एकाच दिशेने चालते. खरवडलेले लाकूड परत चिकटवता येत नाही. दुबळ्या जागेला बळ देण्याची सोय नसते. उरलेल्या सगळ्या लांबीला तिच्या पातळीवर उतरवणे एवढाच मार्ग असतो, आणि त्या प्रमाणात साऱ्या धनुष्याचा जोर घटतो. पहिल्या चुकीची किंमत अशी शेवटपर्यंत मोजावी लागते.

हे मी पुस्तकांत वाचले होते. कळले मात्र तीन धनुष्ये मोडल्यावर. वखारीतून जाड भिंतीचा बांबू आणून, उभा चिरून, दोन्ही बाहूंची जाडी मी कॅलिपरने मोजून अगदी सारखी केली होती. पहिले धनुष्य वरच्या बाहूत मोडले, दुसरेही तिथेच. तिसरे न मोडता वाकडे राहिले. त्या सुमारास ठाकूरवाडीतले एक वृद्ध गृहस्थ आमच्या इमारतीच्या आवारात कुंपणाच्या कामाला आले होते. त्यांनी ते वाकडे धनुष्य हातात घेतले, आंगठा आणि दोन बोटे यांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपले, टोकांची अदलाबदल करून पुन्हा पाहिले. कॅलिपरकडे त्यांचे लक्षही गेले नाही. “जिथं वाकत नाय तिथं खरवड,” ते म्हणाले, “वाकतंय तिथं हात लावू नको.” मग फुटक्या बाटलीची काच घेऊन त्यांनी खालच्या बाहूच्या मधल्या भागावरून इतका पातळ भुगा काढला की तो वाऱ्यावर उडाला. पाच-सहा वेळा ओढून पाहणे आणि खरवडणे झाल्यावर धनुष्य दोन्हीकडे सारखे वाकू लागले. नंतर मी जाडी मोजली. खालचा बाहू वरच्यापेक्षा दोन ठिकाणी स्पष्टपणे पातळ होता.

माझी चूक कुठे होती ते त्या मोजणीने दाखवले. बांबू बुंध्याकडे वेगळा आणि शेंड्याकडे वेगळा असतो. भिंतीची जाडी बदलते, तंतूंची दाटी बदलते, पेरांची लांबीही एकसारखी राहत नाही. जाडी सारखी केली की वाक सारखा होईल हे गृहीतकच खोटे होते. दोघांना समान माप देणे आणि दोघांना समान वाकायला लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मोजपट्टीने साधते. दुसरीसाठी प्रत्येक लाकडाला ओढून, त्याचे उत्तर पाहून, मग पुढे जावे लागते.

*

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. धनुष्याविषयी इतके लिहिले गेले आहे की ही पायरी त्यात नक्कीच सापडावी, असे वाटते.

वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात व्यवसायांची एक लांबलचक यादी आहे. तीत बाण करणारा, धनुष्य करणारा आणि दोरी करणारा असे तीन स्वतंत्र कारागीर येतात. म्हणजे त्या काळीच या कामाची तीन घरे झाली होती. कौटिल्याने आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात धनुष्याची द्रव्ये सांगितली आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, बांबू आणि स्नायू ही नावे तो देतो. यादी चोख आहे, पण ती कोठाराच्या अधिकाऱ्याची आहे. काय जमा करावे एवढेच त्याला हवे आहे. नियार्कसच्या आधाराने लिहिणारा ग्रीक इतिहासकार एरियन सांगतो की भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीचे असे आणि जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढले जाई. ही झाली पाहणाऱ्याची नोंद.

वसिष्ठाच्या नावावरील धनुर्वेदसंहिता मात्र कारागिराच्या बरीच जवळ येते. धनुष्यासाठी कोणता बांबू टाळावा याची तीत एक यादी आहे: फार जुना, कोवळा, आपल्याच जातभाईंशी घासलेला, भाजलेला, छिद्र पडलेला. प्रत्येक दोषाचे फळही सांगितले आहे. कोवळा मोडतो, जुना कठीण असतो. घासलेल्याने भाऊबंदांशी कलह होतो, भाजलेल्याने घर जळते. शेवटची फळे वाचून आपण हसतो आणि पान उलटतो. पण बेटातला बांबू वाऱ्याने शेजारच्या बांबूवर घासला की त्याची साल झिजते, आणि साल म्हणजे पाठ. तिथूनच तो उसवणार. भाजलेला बांबू ठिसूळ होतो. निरीक्षण कारागिराचे आहे. शकुनाची भाषा त्याच्यावर नंतर चढली असावी.

त्याच संहितेत बांबूच्या पर्वांची संख्या विषम असावी, तीन, पाच, सात अशी. चार, सहा, आठ वर्ज्य, असेही आहे. हाही शुभाशुभाचा भाग वाटतो. माझा तर्क थोडा निराळा आहे. पर्वे विषम असली की एक मधोमध मुठीत येते आणि उरलेली दोन्ही बाहूंत सारखी वाटली जातात. सम असली तर एक मुठीत घेतल्यावर उरलेल्यांचे दोन समान भाग होतच नाहीत. एका बाहूत एक जास्त येणार आणि दोहोंचे वाकणे पहिल्यापासून वेगळे होणार. म्हणजे या नियमात दोन बाहूंच्या तोलाची चिंता दडलेली आहे. पण ग्रंथ इथेच थांबतो. बांबू निवडावा कसा ते तो सांगतो. निवडल्यावर दोरी चढवून, पाहून, खरवडून तो जुळवावा कसा, यावर पडदा. धनुष्य सज्ज झाले की मग मुष्टी, स्थान, संधान यांचे सविस्तर वर्णन पुन्हा सुरू होते, कारण तो भाग तिरंदाजाचा, आणि ग्रंथाचा वाचकही तोच.

ग्रंथांनी जे गाळले त्याची खूण भाषेने मात्र ठेवली. गुण या शब्दाचा एक जुना अर्थ दोर, धनुष्याची दोरी. कोटी म्हणजे धनुष्याचे वाकलेले टोक. पुढे तो शब्द पराकाष्ठेसाठी आणि मोठ्या संख्येसाठी आला. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने वर्तुळखंडाची कोष्टके मांडली तेव्हा कंसाला चाप, त्याच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेला ज्या किंवा जीवा, आणि मधल्या उंचीला शर हे शब्द ज्योतिषगणितात रूढ होत होते. हाच जीवा शब्द अरबीत जीबा झाला, तो जैब असा वाचला गेला, त्याचे लॅटिन भाषांतर सायनस झाले आणि त्यातून आजचा साइन आला. मराठी शाळेतला मुलगा भूमितीच्या वहीत वर्तुळाची जीवा काढतो तेव्हा तो धनुष्याची दोरी चढवत असतो. फारसीतून आलेल्या कमान या शब्दाची गतही अशीच. त्याचा मूळ अर्थ धनुष्य. आपल्याकडे तो दरवाजाला आणि घड्याळातल्या स्प्रिंगला चिकटला. आणि तिरकमठा या शब्दात तर तीर फारसी आणि कमठा देशी, असे दोन बाहू एका दोरीला बांधलेले आहेत.

इंग्लंडातली स्थिती तुलनेसाठी उपयोगी पडेल. तिथे धनुष्य करणाऱ्यांचा आणि बाण करणाऱ्यांचा संघ चौदाव्या शतकातच वेगळा झाला होता. १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कमने धनुर्विद्येवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. विद्वान असूनही नवे धनुष्य काही काळ वापरून पुन्हा कारागिराकडे न्यावे, ते सर्वत्र सारख्या गोलाईने यावे, याकडे त्याने लक्ष वेधले. त्याच वर्षी ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. १९८२ साली ती वर काढली गेली तेव्हा तिच्यासोबतची शंभराहून अधिक धनुष्ये अभ्यासकांना मिळाली. तिथे ग्रंथ, संघ आणि वस्तू असे तिन्ही पुरावे एकमेकांना आधार देतात. आपल्या डोंगरात संघ नव्हता, ग्रंथकार तिथवर पोहोचला नाही, आणि बांबू वाळवीच्या तावडीतून सुटत नाही.

*

तरीही एक साक्षीदार शिल्लक आहे. तो म्हणजे धामण. सह्याद्रीत ठिकठिकाणी आढळणाऱ्या या झाडाचे लाकूड चिवट आणि लवचिक असते. कावडीचे दांडे, कुऱ्हाडीचे दांडे आणि गाड्यांचे भाग त्याचे करतात. संस्कृत कोशांत याची नावे धन्वन आणि धनुर्वृक्ष अशी आहेत. झाडाला त्याच्या फळाफुलावरून नाव न मिळता त्यापासून होणाऱ्या वस्तूवरून मिळावे, यावरून त्या वस्तूचे महत्त्व कळते. दोरीचीही सोय रानातच होती. केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या सालीचा वाख आणि पळसाच्या मुळांचा दोर या गोष्टी आदिवासींच्या रोजच्या वापरातल्या. खानदेशातले भिल्ल तर बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच सालपटाची दोरी लावत. एकाच बेटातून धनुष्य आणि त्याची ज्या!

ठाकूर आणि कातकरी यांच्या जगात तिरकमठा हे युद्धाचे आयुध नव्हते. ससा, रानपाखरे यांच्या शिकारीचे आणि राखणीचे ते साधन होते. कातकऱ्यांचे नावच खैराच्या कातावरून पडलेले. कात करणे, लाकूडफाटा, कोळसा, मासे आणि शिकार यांवर त्यांची गुजराण चाले. म्हणजे जंगल हेच कोठार. त्या कोठाराची किल्ली एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच्या हातात गेली. १८५४ साली रेल्वे कल्याणला आली आणि १८५६ साली बदलापूरवरून घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली. रुळांना लाकूड हवे होते, वाढत्या मुंबईला जळण हवे होते, आणि सरकारला जंगलाचा हिशेब हवा होता.

तिरकमठ्याच्या इतिहासात १८७८ हे वर्ष निर्णायक म्हटले पाहिजे. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. पहिला वनांचा. त्याने राखीव जंगल ही कल्पना पक्की केली आणि त्यात लाकूड तोडणे, शिकार करणे या गोष्टी परवानगीच्या कक्षेत आणल्या. दुसरा शस्त्रांचा. त्याच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर आणि भाले यांच्या रांगेत धनुष्यबाणही बसवले गेले. एका कायद्याने धामण आणि बांबू गेले. दुसऱ्याने त्यांपासून झालेली वस्तू संशयास्पद ठरली. व्याख्येत शब्द आला म्हणजे प्रत्येक झोपडीतला तिरकमठा जप्त झाला असे नव्हे. पण ज्याच्या हातात तो दिसेल त्याच्याकडे पाहण्याची सरकारची नजर मात्र ठरून गेली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब, लाकूडफाटा, चराई यांवर त्या काळी पुष्कळ वाद झाला. त्या साऱ्याला काही ना काही महसुली मोल होते. धनुष्य खरवडणाऱ्या हाताला ते नव्हते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचा हेतू बदलला, वाक्यरचना फारशी बदलली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटके, बंदुका, गळ, सुऱ्या, जाळी, विष, फास आणि सापळे अशी यादी येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. पण जो हक्क स्पष्ट शब्दांत वगळला तो शिकारीचा. या दोन्ही तरतुदींमागचे कारण खरे आहे. जंगले विरळ झाली होती, प्राणी संपत चालले होते, आणि शिकारबंदी नसती तर उरलेलेही गेले असते. माझी तक्रार बंदीविषयी नाही. प्राणी संपवण्यात बंदूक, कुऱ्हाड, रेल्वे आणि धरण यांचा वाटा किती आणि बांबूच्या तिरकमठ्याचा किती, याचा ताळेबंद न मांडता सर्वांना एकाच ओळीत बसवले गेले, एवढेच मला नोंदवायचे आहे. माझ्या कॅलिपरने नेमके हेच केले होते. माप सगळ्यांना सारखे लावले, आणि दुबळा बाहू मोडला.

परिणाम पुढे आलाच. शिकार थांबली की धनुष्याची गरज थांबते. गरज थांबली की मुलगा बापाशेजारी बसून काच चालवायला शिकत नाही. बारवीचे धरण झाले, गावांभोवती औद्योगिक वसाहती आल्या. वाड्यांतली तरुण माणसे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, कारखान्यांत गेली. आज कातकरी महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहेत. कोलाम आणि माडिया गोंड हे उरलेले दोन. त्यांच्या जमिनीचे, कर्जाचे, वेठबिगारीचे प्रश्न इतके तातडीचे आहेत की त्यांच्यापुढे धनुष्याचा विषय काढणे काहींना चैनीचे वाटेल. त्यात तथ्य आहे. पण एखाद्या समाजाला केवळ त्याच्या दैन्यावरून ओळखायचे ठरवले की त्याच्याजवळ काही ज्ञानही होते ही गोष्ट हिशेबातून गळते. ज्याच्याजवळ ज्ञान होते असे आपण मानतो त्याच्याशी आपण वेगळ्या रीतीने बोलतो; निदान ‘अडाणी’ म्हणून बोलत नाही.

*

अंबरनाथला स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले. शस्त्रसामग्रीच्या कारखान्याचे सारे शास्त्र अदलाबदलीवर उभे असते. एका यंत्रावरचा भाग दुसऱ्या यंत्रावरच्या भागाच्या जागी जसाच्या तसा बसला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक नग गेजमधून जातो की नाही ते पाहतात. धातू एकजिनसी असतो म्हणून हे जमते. या पद्धतीने जग बदलले आणि तिला नाके मुरडण्यात अर्थ नाही. मात्र त्याच गावाच्या मागच्या डोंगरात अगदी उलट तत्त्वावरचे एक शास्त्र होते: कोणतेही दोन नग सारखे नाहीत हे गृहीत धरून त्यांचे वागणे सारखे करायचे. तिथे गेज कारागिराच्या डोळ्यात होता, आणि तो डोळा घडायला वर्षे लागत.

हे शास्त्र जगातून नाहीसे झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. आजच्या स्पर्धेतल्या धनुष्यांना धातूची मूठ आणि काचतंतूंचे किंवा कार्बनचे बाहू असतात. तरी वरच्या आणि खालच्या बाहूपासून दोरीचे अंतर मोजून, बाहूंचे स्क्रू पिळून त्यांचा ताठपणा जुळवावाच लागतो. त्या अंतरांच्या फरकाला खेळाडू आजही टिलर म्हणतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. त्यांच्या धनुष्यांना चाके आणि तारा आहेत, पण दोन बाहूंनी एकाच क्षणी घरी परतले पाहिजे ही अट तीच आहे. आपल्याकडच्या स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा प्रकारही आहे. त्यात साध्या बांबूच्या धनुष्याने नेम धरतात. म्हणजे वाक जुळवणाऱ्या हाताला अजूनही काम मिळू शकते, तो हात कुठे आहे हे आपण विचारले तर.

ते वृद्ध गृहस्थ कुंपणाचे काम संपल्यावर पुन्हा आले नाहीत. धनुष्य माझ्या खोलीत दोरी उतरवून आडवे ठेवले आहे. वापर नसताना दोरी चढवून ठेवू नये, लाकूड वाकडेपणाला सवकते, हेही त्यांनीच जाताना सांगितले होते. अधूनमधून मी दोरी चढवतो, आरशासमोर धरून ओढतो आणि दोन्ही बाहू पाहतो. ते अजून सारखे वाकतात. खालच्या बाहूवर काचेच्या उभ्या, अगदी बारीक रेघा आहेत. त्या हाताने लिहिलेले एवढेच माझ्यापाशी आहे.